जपानी वस्तू आणि कपडे, सोय की सौंदर्य? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोक्योच्या निशि-कासाई भागात सहा वर्षं काढून पुण्याला परतले, तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघरातल्या दोन-चार वस्तू उचलून बघतो आणि तेच ते विचारतो. उत्तरं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी माझा चहा गार होणार नाही.

जपानी लोक वस्तू बनवताना आधी सोय बघतात की रूप?

हा प्रश्न विचारताना बोट बहुतेकदा किक्कोमान सोया सॉसच्या बाटलीकडे असतं. लाल टोपण, निमुळती मान, खाली घेरदार. ती केंजी एकुआन (1929–2015) यांनी 1961 साली बनवली. त्याआधी घरोघरी सोया सॉस 1.8 लिटरच्या अजस्र बाटलीतून यायचा, आणि ती उचलून छोट्या भांड्यात ओतताना आईची होणारी कसरत एकुआन यांनी लहानपणी पाहिली होती. तीन वर्षं खपून त्यांनी शंभरावर नमुने केले. सगळी मेहनत एका थेंबासाठी होती. ओतून झाल्यावर तोटीखाली ओघळणारा आणि टेबलावर काळं कडं उमटवणारा तो थेंब. किटलीच्या तोटीचं टोक कापतात त्याच्या उलट, म्हणजे खालचा ओठ मागे राहील असं त्यांनी ते कापलं. थेंब परत आत जायला लागला.

इथपर्यंत सगळी सोयच. तळ रुंद, म्हणून बाटली कलंडत नाही. काचेतून किती उरलंय ते दिसतं. पण मान इतकी नाजूक कशाला? तीच तोटी सरळसोट बाटलीवर बसवली असती तरी थेंब थांबलाच असता. ‘उपयोग साधला की रूप आपोआप येतं’ असं सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा पूर्ण विश्वास नाही. ती मान कुणीतरी हौसेनं केलेली आहे, आणि हौसेत चूक काहीच नाही.

तिच्या शेजारी ठेवलेलं चिनीमातीचं सोया सॉसचं भांडं मासाहिरो मोरी यांचं. 1958 साली नागासाकी प्रांतातल्या हासामी गावच्या कारखान्यासाठी त्यांनी ते केलं. त्याला कान नाही, कमरेत ते किंचित आवळलेलं आहे. तिथं अंगठा आणि बोटं बसतात आणि तर्जनी आपसूक झाकणावर जाते, म्हणून ओतताना झाकण पडत नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या सात वर्षांच्या भाचीनं पहिल्याच वेळी बरोबर धरलं होतं.

म्हणजे हा गुण त्यांच्या रक्तातच आहे?

नाही हो. 1950 च्या दशकात परदेशी कंपन्या ‘जपान आमच्या मालाची नक्कल करतो’ म्हणून ओरडत होत्या. त्यावर उपाय म्हणून तिथल्या सरकारनं 1957 मध्ये चांगल्या रचनेला ‘जी-मार्क’ द्यायला सुरुवात केली. मोरींच्या भांड्याला तो 1960 साली मिळाला. रक्ताबिक्तापेक्षा व्यापारखात्याचं धोरण इथं जास्त कामाला आलं.

‘यो नो बी’ हा शब्द सारखा कानावर पडतो. काय आहे ते?

वापरातलं सौंदर्य. हा विचार सोएत्सु यानागी (1889–1961) यांच्या मिंगेई, म्हणजे लोककला चळवळीचा. 1925 च्या सुमारास यानागी आणि शोजी हामादा, कांजिरो कावाई हे दोन कुंभार यांनी मिळून ‘मिंगेई’ हा शब्द रूढ केला. म्हणणं असं, की राजेरजवाड्यांसाठी केलेल्या नक्षीदार वस्तूपेक्षा अनाम कारागिरानं रोजच्या वापरासाठी, स्वस्तात, शेकड्यानं केलेला वाडगा जास्त सुंदर असतो. अशा वस्तूंसाठी त्यांनी 1936 मध्ये तोक्योच्या कोमाबा भागात एक संग्रहालय काढलं. ते अजून आहे, आणि जायलाच हवं असं आहे.

विचार मला आवडतो, पण त्यातली गंमतही सांगते. हामादा आपल्या भांड्यांवर सही करत नसत, कारण अनाम राहायचं होतं. सही मात्र भांडं ज्या लाकडी खोक्यात जायचं त्यावर असायची. पुढे 1955 मध्ये सरकारनं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं. आज त्यांच्या वाडग्यात भात वाढून घ्यायची कुणाची छाती नाही. रोजच्या वापराचं सौंदर्य काचेच्या पेटीत जाऊन बसलं. यानागींचे चिरंजीव सोरी यांनी मग उलटी वाट धरली. त्यांच्या स्टीलच्या किटल्या आणि कढया कारखान्यात निघतात आणि खरोखर शेगडीवर चढतात.

किमोनो म्हणजे नुसता थाट. त्यात सोय कसली?

लग्नाच्या फोटोत दिसतो त्या किमोनोबद्दल म्हणत असाल तर मान्य. पण नऊवारीची पारख फक्त बोहल्यावरच्या पैठणीवरून केली, तर कासोटा खोचून भातलावणी करणाऱ्या बाईची नऊवारी कुठं जाईल? किमोनोचं तेच झालं. रोजचा किमोनो मेला, समारंभाचा उरला, आणि आता सगळे त्या उरलेल्यावरून निकाल देतात.

त्याची खरी करामत अंगावर दिसत नाही, कापताना दिसते. किमोनोचं कापड, त्याला तान्मोनो म्हणतात, साधारण 36 ते 38 सेंटिमीटर रुंद आणि बारा-एक मीटर लांब पट्टा असतो. त्याचे सरळ रेषेत आठ आयत कापायचे: दोन बाह्या, पाठपोटाचे दोन लांब तुकडे, पुढच्या दोन पट्ट्या, गळपट्टी आणि तिच्यावरची पट्टी. गोलाई नाही, म्हणून चिंधी फुकट जात नाही. खांद्याला उतार नाही, मुंढा नाही. बाई उंच असो की बुटकी, जास्तीची लांबी कंबरेशी दुमडून पट्ट्याखाली जाते. त्या दुमडीला ओहाशोरी म्हणतात. आईचा किमोनो लेकीला होतो तो या दुमडीमुळे.

आता धुणं. चांगला किमोनो पूर्वी पूर्ण उसवत. आयत टोकाला टोक जोडून शिवले की पुन्हा अखंड पट्टा तयार. तो धुऊन, खळ लावून, दोन्ही टोकांना सुया असलेल्या बांबूच्या काड्यांनी ताणून अंगणात वाळवायचा आणि परत शिवायचा. या धुण्याला आराइहारी म्हणतात. शिवताना विटलेला भाग आत आणि कोरा बाहेर अशी अदलाबदल करता यायची. कापड अगदीच जीर्ण झालं की त्याची गादीची खोळ, मग बाळाचे लंगोट, मग पोतेरं. आपल्या शिवलेल्या शर्टाचं असं काहीच होत नाही, त्याची कॉलर झिजली की खेळ संपला.

गैरसोयी? आहेत, भरपूर. पाऊल आखूड पडतं. लांब बाह्या आमटीत बुडतात, म्हणून काम करताना पाठीवर फुली करून दोरीनं त्या बांधतात, तिला तासुकी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोक्योच्या एका पाककला शाळेतून काप्पोगी नावाचा रुंद बाह्यांचा पांढरा झगा निघाला. तो किमोनोवरून घालून बायका स्वयंपाक करू लागल्या. शेतात तर मोन्पे नावाची सैल विजार होतीच. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं शहरातल्या बायकांनाही ती घालायला लावली, म्हणून एका अख्ख्या पिढीला मोन्पे म्हटलं की उपासमार आणि बाँबच आठवत. आता क्युशूतले काही विणकर कुरुमेच्या कासुरी, म्हणजे सूत आधी रंगवून विणलेल्या कापडाचे मोन्पे पुन्हा विकतात, आणि तरुण पोरं ते हौसेनं घालतात.

किमोनोला खिसे का नसतात?

बाहीच खिसा. बाही मोठी आणि हात घालायचं तोंड लहान, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात वस्तू राहते. पण बायकांच्या बाहीची अंगाकडची बाजू शिवलेली नसते, तिथून वस्तू घसरते. पुरुषांची ती बाजू बंद असते. म्हणजे खिशाच्या बाबतीत बायकांवर तिथंही अन्यायच. त्या मग वस्तू छातीशी नाहीतर ओबीत, म्हणजे कंबरपट्ट्यात खोचतात.

पुरुष औषधाची डबी, म्हणजे इन्रो, दोरीनं कंबरपट्ट्याला अडकवत. दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक गाठीएवढं लाकडी किंवा हस्तिदंती बोंड असे, ते नेत्सुके. त्याचं काम फक्त अडकून राहायचं. त्यावर लोकांनी झोपलेला उंदीर, आक्रोडात कोरलेला देखावा असं काय काय काढलं! जगभरचे संग्राहक आज ती बोंडं विकत घेतात.

बाहेरून इतका साधा कपडा आणि आत भडक अस्तर, असं का?

कायद्यामुळे. एदो काळात (1603–1868) कुणी कोणतं कापड, कोणता रंग घालावा याचे फतवे निघत. व्यापाऱ्याकडे पैसा होता, मिरवायची मुभा नव्हती. मग वरून राखाडी किंवा तपकिरी, आणि आत रेशमी अस्तरावर चित्र. राखाडी-तपकिरीच्याच इतक्या छटा निघाल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर उंदीर’ अशी म्हण पडली. उंदीर म्हणजे राखाडी.

सामुराईंच्या दरबारी कपड्यावर एदो-कोमोन नावाची छपाई असे. कागदी साच्यातून उमटवलेले ठिपके इतके बारीक, की चार पावलांवरून कापड एकरंगी दिसतं. नाक लावून बघितलं तरच शार्कच्या कातडीसारखी नक्षी कळते.

आणि सगळ्यात भारी म्हणजे आग विझवणाऱ्यांचा कोट, हिकेशी-बांतेन. अनेक पदरी सुती कापड, दाट धावदोऱ्यानं शिवलेलं. पाण्यात चिंब भिजवून अंगात घालायचं, ते पाणीच चिलखत. आगीत शिरताना साधी बाजू बाहेर. आग विझली की कोट उलटा करायचा आणि आतला ड्रॅगन मिरवत घरी जायचं. सोय आणि शोभा एकाच कोटाच्या दोन बाजूंना, प्रत्येकीची वेळ ठरलेली.

बोरो आणि साशिको म्हणजे आपली गोधडीच ना?

हात तोच, थंडी वेगळी. आओमोरीसारख्या उत्तरेकडच्या भागात कापूस पिकत नाही. तिथल्याच त्सुगारू भागातल्या शेतकऱ्यांना सुती कपडे घालायची बंदीही होती, अंबाडीसारख्या धाग्याचं विरळ कापड तेवढं चालायचं. बर्फात ते काय पुरणार! मग बायकांनी निळ्या कापडाच्या विणीतली भोकं पांढऱ्या सुती दोऱ्यानं बुजवायला घेतली, एक-तीन-पाच असे विषम धागे मोजून. त्यातून चौकटीचौकटींची कोगिन नक्षी आली, साशिकोचाच, म्हणजे धावदोऱ्याच्या शिवणीचा, एक प्रकार. ती मुख्यतः खांद्यावर, छातीवर आणि पाठीवर असते, कारण थंडी तिथं झोंबते आणि ओझंही तिथंच घासतं. 1891 साली रेल्वे आओमोरीपर्यंत पोचली, सूत आणि सुती कापड सहज मिळू लागलं, आणि कोगिन मागे पडलं. ते नंतर मिंगेईवाल्यांनी शोधून पुढे आणलं.

बोरो म्हणजे सरळ ‘चिंध्या’. ठिगळावर ठिगळ लावलेली अंथरुणं आणि कपडे. चुझाबुरो तानाका (1933–2013) यांनी आओमोरीत दारोदार फिरून असे कपडे जमवले. लोक ते दाखवायला लाजत. आज तसा दिसणारा कोट महागड्या दुकानात टांगलेला असतो, नवा कोरा, मुद्दाम ठिगळं लावलेला. आजीची गोधडी कुणी ‘डिझायनर’ म्हणून विकायला काढली तर जसं पोटात होईल, तसं मला तो बघून झालं होतं.

मुजी मूळचं स्वस्त होतं म्हणतात, खरं?

खरं. 1980 मध्ये सेइयू या दुकानसाखळीनं चाळीस वस्तू घेऊन हा ब्रँड सुरू केला. घोषवाक्याचा अर्थ होता, ‘स्वस्त आहे, त्याला कारण आहे’. कारणं अगदी वाण्याच्या भाषेतली: वाळवलेले शिताके मश्रूम तुटके आहेत, पण रश्शात तुटकेच घालायचे ना? वेष्टण साधं, कागद ब्लीच न केलेला, म्हणून पिवळसर. तो पिवळसरपणा पुढे ‘अभिरुची’ झाला. 2016 साली मुंबईत त्यांचं दुकान उघडलं ते एका उंची मॉलमध्ये, आणि साध्या पांढऱ्या वहीची किंमत बघून मी ती परत जागेवर ठेवली.

त्यांचं एखादं तरी गैरसोयीचं सांगा!

रांदोसेरु, शाळेचं दप्तर. डच सैनिकी पिशवीवरून आलेलं. 1885 मध्ये उमरावांच्या गाकुशुइन शाळेनं फर्मान काढलं, की मुलांनी घोडागाडीतून यायचं नाही, नोकराच्या हाती दप्तर द्यायचं नाही, स्वतःच्या पाठीवर आणायचं. हेतू उत्तम. पण आज पहिलीतल्या पोराच्या पाठीवर किलोभराहून जड रिकामी पेटी, वर पुस्तकं, पाण्याची बाटली, टॅब्लेट. पन्नास-साठ हजार येनची दप्तरं सर्रास दिसतात, आणि खर्च बहुतेकदा आजी-आजोबांच्या माथी. आमच्या शेजारच्या पोराचं दप्तर त्याच्याहून रुंद होतं. रस्त्यात मागून बघितलं तर पिवळं कव्हर घातलेला एक डबा चालत चाललाय असं वाटायचं.

समर्थक सांगतात, सहा वर्षं टिकतं, मूल मागे पडलं तर डोकं वाचतं, दोन्ही हात मोकळे राहतात. असेलही. पण 2018 मध्ये शिक्षण मंत्रालयानं ‘काही पुस्तकं शाळेतच राहू द्या’ असं पत्रक काढलं, दप्तर बदला असं नाही म्हटलं. सगळ्यांच्या पाठीवर तेच आहे म्हणून तुमच्याही, एवढंच खरं कारण.

चिंदोगु म्हणजे तीच ती वेडी जपानी यंत्रं?

हो. बुटांच्या टोकावर छोट्या छत्र्या, नूडल्स गार करायला चॉपस्टिकवर पंखा, रांगणाऱ्या बाळाच्या अंगरख्याला फरशी पुसायच्या झालरी. केंजी कावाकामी यांनी हा खेळ काढला आणि नियम घातले: वस्तू प्रत्यक्ष बनवलेली हवी, पण विकायची नाही, पेटंट घ्यायचं नाही. लोक ती ‘फसलेली जपानी संशोधनं’ म्हणून पुढे पाठवतात. तो विनोद आहे, आणि सोयीच्या वेडावर जपान्यांनीच केलेला आहे.

मोठ्या फॅशनमध्ये तरी व्यवहार कुठं असतो?

सगळीकडे नसतोच. रेई कावाकुबो यांनी 1997 च्या एका संग्रहात पाठीवर, कुल्ल्यांवर गाठोडी बांधल्यासारखे फुगवटे घातले होते. ते कपडे घालून बसमध्ये बसता येणार नाही, आणि त्यांना त्याची पर्वाही नव्हती.

इस्से मियाके (1938–2022) यांचं वेगळं. त्यांच्या चुण्यांच्या कपड्यांची मालिका 1993 मध्ये आली. सहसा आधी कापडाला चुण्या पाडतात, मग शिवतात. त्यांनी कपडा आधी दुपटी-तिपटीनं मोठा शिवला, मग कागदांच्या मध्ये ठेवून उष्णतेनं दाबला. कापड पॉलिएस्टर, त्यामुळे चुणी कायमची. यंत्रात धुवा, इस्त्री नको, वळकटी करून बॅगेत कोंबा. निशि-कासाईच्या आमच्या इमारतीत सत्तरीच्या एक बाई तो सदरा घालून बाजारात यायच्या. महाग आहे, पण गेली बारा वर्षं धोब्याला एक येन दिलेला नाही, असा त्यांचा हिशेब.

तिकडून आणलेली चहाची किटली इथं धड चालत नाही. काय चुकतंय?

किटली नाही, चहा चुकतोय. क्युसूची, म्हणजे या किटलीची, मूठ तोटीशी काटकोनात असते. उजव्या हातानं मूठ धरायची, अंगठा झाकणावर, आणि मनगट वळवायचं. कोमट म्हणावा असा हिरवा चहा थोडा थोडा सगळ्या कपांत फिरवून ओततात, शेवटचा थेंब पडेपर्यंत, म्हणजे सगळ्यांचा चहा सारखा कडक होतो. आमच्या सासूबाईंनी प्रेमानं तिच्यात आलं घातलेला, उकळलेला दुधाचा चहा ओतला. जाळीत साय अडकली. तोकोनामे गावची ती लाल माती बिनझिलईची असल्यामुळे आल्याचा वास मुरला तो मुरलाच. डावखुऱ्यांचा तर विचारच करू नका, त्यांच्यासाठी उलटी क्युसू वेगळी शोधावी लागते. ‘जपानी वस्तू सोयीच्या’ म्हणताना अर्धी सोय त्यांच्या हाताच्या सवयीत असते, ती बॅगेतून आणता येत नाही.

शाम्पूच्या बाटलीच्या कडेला दातेरी रेघा कशाला?

डोळे मिटून शाम्पू कुठला ते कळावं म्हणून. कंडिशनरच्या बाटलीला त्या नसतात. अंध व्यक्तींची अडचण ऐकून काओ कंपनीनं 1991 मध्ये ही खूण आणली आणि इतर कंपन्यांनाही वापरू दिली. फेस डोळ्यात गेलेल्या प्रत्येकाला ती उपयोगी पडते. या यादीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच, आणि ती दिसायला काहीच नाही.

तिकडून एकच वस्तू मागवायची तर काय मागवू?

तेनुगुई. साधारण 35 बाय 90 सेंटिमीटरचं पातळ सुती फडकं. पंच्याचं धाकटं भावंड म्हणा. चुसेन पद्धतीनं रंगवलेलं घ्या. त्यात रंग कापडातून आरपार ओततात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच उमटते.

मागवलं. पण त्याच्या कडा शिवलेल्याच नाहीत! फसवलं का?

नाही, तसंच असतं. कड दुमडली की तिथं ओल राहते, म्हणून आखूड बाजू मुद्दाम मोकळ्या सोडतात. पूर्वी दोरी किंवा पट्टी लागली तर पटकन फाडताही यायचं. पहिल्या चार-पाच धुण्यांत दोरे सुटतील, ते ओढू नका, कात्रीनं कापा. अर्ध्या सेंटिमीटरची झालर झाली की आपोआप थांबतं. माझ्या दोन तेनुगुईंपैकी एकीच्या कडा आमच्या शिंपीकाकांनी ‘ताई, हे अर्धवट कसं दिलं तुम्हाला’ म्हणत न विचारता, पैसेही न घेता दुमडून दिल्या. शिलाई सुरेख आहे. जुलैत ती तेनुगुई दोरीवर दुसऱ्या दिवशीही कडेला ओली असते, आणि शेजारची मोकळ्या कडांची दुपारीच घडी होऊन कपाटात गेलेली असते.